फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये कशी काढायची, हाताने टाइप न करता

आमच्या वाशीच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटसाठी सगळ्यांची कागदपत्रं स्कॅन करायचं काम कितीतरी महिने चाललं होतं. ९६ फ्लॅट, आणि प्रत्येकाचं शेअर सर्टिफिकेट, ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, सिडकोचं ट्रान्सफर लेटर, ज्याच्या कपाटात जे सापडलं ते. वकिलांकडे पेनड्राइव्ह द्यायचा तर सोबत फाइलींची यादी हवी, म्हणून सेक्रेटरी काकांनी दोन रात्री जागून स्क्रीनवर बघत बघत एकेक नाव वर्डमध्ये टाइप केलं. तिसऱ्या दिवशी वकिलांकडून फोन, काका तुमच्या यादीत ४०९ नावं आहेत आणि पेनड्राइव्हवर ४१२ फाइली, तीन कुठल्या?

मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशीला उतरून घरी जाताना सोसायटी ऑफिसात डोकावले, साडेआठ वाजले असतील. मीटर रूमला लागून असलेली ती छोटी खोली, काकांचा चष्मा कपाळावर, डाव्या हातात प्रिंटआउट आणि उजव्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलेलं. म्हणाले, "अगं बी विंगपर्यंत जुळलं सगळं, सी मध्ये कुठेतरी घोळ आहे." मी म्हटलं काका उठा जरा, दोन मिनिटं. दोनतीन ओळी टाइप केल्या, एंटर दाबलं, आणि सगळी नावं एका फाइलमध्ये. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर दिसलं की सी-७, सी-१७ आणि सी-२७ ही तिन्ही घरं पाटलांची, एका पाटलांच्या फाइली टाइप झाल्या की डोळे म्हणतात हे झालं, पुढे चला. सुटलेल्या तिन्ही फाइली तिथल्याच निघाल्या.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगते, यादी हाताने करू नका. वेळ जातो हे तर आहेच पण खरा प्रॉब्लेम तो नाहीये, हाताने केलेल्या यादीत आपण काय वाचलं ते उतरतं, फोल्डरमध्ये काय आहे ते उतरेलच असं नाही. आणि ही यादी वकील, ऑडिटर, बँक अशा कुणाच्या तरी हातात जाणार असते. म्हणून एकदा नीट, काही न गाळता लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट. मी कमांडसुद्धा देवनागरीतच लिहिणार आहे, तुम्ही टाइप करताना मात्र इंग्रजी कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करायचे. नवीन शब्द आला की त्याचं स्पेलिंग तिथेच सांगेन. आडव्या-तिरक्या रेघा, टिंब, बाण ही चिन्हं जशी दिसतायत तशीच. कॅपिटल-स्मॉलचा विंडोजमध्ये फरक पडत नाही, स्पेस मात्र जिथे दिसतेय तिथे द्यायची.

पहिलं काम: त्या फोल्डरमध्ये काळी खिडकी उघडणे

बरेच जण इथेच अडकतात, कारण स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी, उघडला की तो भलत्याच फोल्डरमध्ये उभा असतो आणि मग सीडी सीडी (सी-डी, फोल्डर बदलायची कमांड) करत आत जावं लागतं. त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. नेहमीसारखं फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडा. वरती जिथे फोल्डरचा पत्ता दिसतो त्या पट्टीत क्लिक करा, किंवा ऑल्ट आणि डी एकत्र दाबा. पत्ता निळा होईल, त्याच्यावरच सीएमडी टाइप करा, म्हणजे सी-एम-डी, आणि एंटर. काळी खिडकी उघडेल आणि ती थेट त्याच फोल्डरमध्ये असेल. पेनड्राइव्हचा फोल्डर असला तरी हेच चालतं, ड्राइव्ह बदलायची वेगळी कटकट नाही.

विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ओपन इन टर्मिनल असंही येतं, पण त्यात बहुतेक वेळा पॉवरशेल, म्हणजे विंडोजचीच दुसरी कमांड खिडकी, उघडतं. ओळीच्या सुरुवातीला पीएस ही दोन अक्षरं दिसली तर समजायचं की हे पॉवरशेल आहे. तिथे खालची कमांड दिलीत तर ते त्या ड्राइव्हवर बी नावाची कुठलीतरी जागा शोधायला जाईल आणि नाही सापडली म्हणून लाल अक्षरात ओरडेल. घाबरायचं नाही, तिथेच सीएमडी टाइप करून एंटर दाबा, पीएस गेलं की पुढे चला.

मुख्य कमांड

डिर /बी > यादी.टीएक्सटी

बस एवढंच. डिर म्हणजे डी-आय-आर, मग स्पेस, तिरकी रेघ आणि बी, मग स्पेस, बाण, स्पेस, आणि शेवटी तुम्हाला हवं ते नाव, मी वाय-ए-डी-आय लिहिते आणि डॉट टी-एक्स-टी. बाणाचं चिन्ह शिफ्ट धरून फुलस्टॉपची की दाबली की येतं.

नुसतं डिर दिलं तर तारीख, वेळ, साइज सगळं घेऊन येतं, खाली बेरीज पण मारतं. /बी म्हटलं की फक्त नावं, एका ओळीत एक. हा स्विच, म्हणजे कमांडला जोडायची ही तिरक्या रेघेची खूण, १९९१ च्या डॉस ५ पासून आहे आणि आजच्या विंडोजमध्येही जसाच्या तसा चालतो, म्हणून एकदा शिकलात की परत शिकावं लागणार नाही. आणि तो बाण सांगतो की जे स्क्रीनवर छापणार होतास ते या फाइलमध्ये ओत. त्यामुळे एंटर दाबल्यावर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, नुसती पुढची ओळ येते. काकांना वाटलं काही झालंच नाही. झालेलं असतं, फोल्डरमध्ये जाऊन बघा, यादी तयार असते.

आता यादी उघडून बघितलीत तर एक नाव जास्त दिसेल, यादीचं स्वतःचं. असं का, तर कॉम्प्युटर आधी रिकामी यादी फाइल तयार करून ठेवतो आणि मग फोल्डर वाचायला घेतो, तोपर्यंत ती फाइल पण त्या फोल्डरमधली एक झालेली असते. आमचीच यादी पहिल्यांदा ४१३ ची आली होती आणि काकांचा चेहरा पडला होता. उपाय म्हणजे यादी एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये टाकायची:

डिर /बी > ..\यादी.टीएक्सटी

दोन टिंब म्हणजे वरचा फोल्डर. मी आता नेहमी असंच करते, मूळ फोल्डरमध्ये आपली एकही फाइल घुसवायची नाही.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. बाणाच्या पुढे जे नाव लिहाल त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती न विचारता पुसून नवी लिहिली जाते. खात्री आहे का वगैरे काही विचारत नाही, आणि रिसायकल बिनमध्येही जात नाही. म्हणजे चुकून बाणापुढे एखाद्या खऱ्या पीडीएफचं नाव टाइप झालं तर ती पीडीएफ गेली. म्हणून नाव असं ठेवा जे तुमच्या फाइलींमध्ये असूच शकत नाही, आणि महत्त्वाचा फोल्डर असेल तर आधी त्याची कॉपी काढून कॉपीवर काम करा. जुन्या यादीच्या खाली नवीन नावं जोडायची असतील तर एकाऐवजी दोन बाण द्यायचे, >> असे, मग जुनं राहतं आणि नवीन त्याच्या खाली येतं. आमच्या ए, बी, सी विंगचे तीन फोल्डर वेगवेगळे होते, पहिल्याला एक बाण आणि पुढच्या दोघांना दोन बाण, तिन्हींची मिळून एक यादी झाली.

आपल्याला हवं तेवढंच कसं घ्यायचं

डिर /बी फाइली आणि आतले फोल्डर दोन्हींची नावं देतं. वकिलाला फोल्डरची नावं नको असतात, म्हणून:

डिर /बी /ए-डी > ..\यादी.टीएक्सटी

ए, मग वजाची आडवी रेघ, मग डी, मध्ये स्पेस नाही. म्हणजे डिरेक्टरी वगळ. उलट फक्त फोल्डरची नावं हवी असतील तर वजा काढून /एडी. एक लक्षात ठेवा, नुसतं डिर लपवलेल्या फाइली दाखवत नाही पण /ए-डी दिलं की त्याही येतात, त्यामुळे यादीत थंब्स.डीबी किंवा डेस्कटॉप.आयएनआय असलं काही दिसलं तर ते विंडोजने स्वतः ठेवलेलं असतं. तेही नको असेल तर /ए-डी-एच लिहा, एच म्हणजे हिडन.

फक्त पीडीएफ हव्यात तर:

डिर *.पीडीएफ /बी > ..\यादी.टीएक्सटी

चांदणी म्हणजे नाव काहीही असो, टिंबानंतर पीडीएफ असलं पाहिजे. तसंच सी-१७*.* दिलं तर सी-१७ ने सुरू होणारं सगळं. एका घराची कागदपत्रं बघायची असली की मी हेच वापरते.

फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत अजून फोल्डर असं असेल तर /एस लावा, मग आतपर्यंत जाऊन सगळं काढतं आणि प्रत्येक नावाबरोबर पूर्ण पत्ता देतं. पूर्ण पत्ता बघून काही जण वैतागतात पण माझ्या मते तो असलेला चांगला, एकाच नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरमध्ये असतील तर कोणती कुठली हे पत्त्यावरूनच कळतं. नको असेल तर नोटपॅडमध्ये कंट्रोल-एच करून पत्त्याचा समान भाग रिकाम्याने रिप्लेस करून टाका.

क्रमासाठी /ओएन, म्हणजे ओ आणि एन, शून्य नाही. नावाच्या क्रमाने लावतं. आपल्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा हे न देताही नावं क्रमाने येतात, पण पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने येतात, सगळं उलटसुलट दिसतं. म्हणून सवयीने लावूनच टाका. तारखेप्रमाणे हवं तर /ओडी, जुनी आधी, आणि नवीन आधी हवी तर /ओ-डी.

क्रमात अजून एक घोळ असतो. एक्सप्लोररमध्ये १, २, ३ ते १०, ११ असं छान दिसतं पण कमांडच्या यादीत १ च्या खाली १०, मग ११, आणि २ कुठेतरी खाली जातो, कारण कमांड आकडा आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर अक्षर वाचते. यावर कमांडमध्ये सोपा इलाज नाही, नावातच इलाज करायचा, ०१, ०२ असं शून्य लावून नावं द्यायची. स्कॅनिंग सुरू करतानाच हे ठरवलं तर पुढचं अर्धं डोकं खाणं वाचतं. आम्ही विंग, घर नंबर, कागदाचा प्रकार अशी नावं मध्ये आडवी रेघ देऊन ठेवली होती, सी-१७-ॲग्रीमेंट अशी. बी/१२ असं तिरक्या रेघेचं नाव विंडोज घेतच नाही, त्यामुळे ती आडवी रेघ आपोआप आली आणि पुढे तिचा फार उपयोग झाला, ते खाली सांगते.

किती आहेत ते मोजणे

नोटपॅडमध्ये कंट्रोल-ए करून खाली ओळी मोजत बसू नका.

डिर /बी /ए-डी-एच | फाइंड /सी /व्ही ""

फाइंड म्हणजे एफ-आय-एन-डी. मधली उभी रेघ बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वरच्या कीवर शिफ्ट धरून येते, आणि शेवटी दोन डबल कोट चिकटून, आत काही नाही. एकच आकडा छापून येतो. तो आकडा आणि यादीतल्या ओळी जुळल्या पाहिजेत. मी आता यादी कुणालाही पाठवायच्या आधी हा आकडा कागदावर लिहून घेते आणि यादीच्या वरती टाकते, एकूण फाइली ४१२, म्हणजे समोरच्यालाही मोजून बघता येतं.

मराठी नावं आणि प्रश्नचिन्हांची रांग

इथे आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं आणि याबद्दल कुणी सांगत नाही. काकांच्या सुनेने ए विंगच्या फाइलींना मराठीत नावं दिली होती, तिला तेच सोयीचं होतं आणि वाचायलाही छान. पण यादी काढली तर त्या सगळ्या ओळींवर ?????? आणि पुढे डॉट पीडीएफ. काका म्हणाले फाइली करप्ट झाल्या. नाही झाल्या. फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह असूच शकत नाही, विंडोज तसं नाव घेत नाही, त्यामुळे यादीत प्रश्नचिन्ह दिसलं की समजायचं फाइल ठीक आहे, यादी लिहिताना अक्षर हरवलंय.

कारण असं की कमांड प्रॉम्प्ट जुन्या काळातल्या अक्षरांच्या तक्त्यावर चालतो आणि त्या तक्त्यात देवनागरी नाहीच. ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. तक्ता बदलायचा, बास:

सीएचसीपी ६५००१

सी-एच-सी-पी, स्पेस, सहा पाच शून्य शून्य एक, एंटर. हा यूटीएफ-८ चा नंबर आहे, त्यात देवनागरीसकट सगळ्या लिप्या बसतात. त्यानंतर त्याच खिडकीत परत डिरची कमांड द्या, यादीत मराठी नावं नीट येतील. ही सेटिंग त्या खिडकीपुरतीच असते, खिडकी बंद केली की परत जुनं, म्हणून दर वेळी द्यायची. स्क्रीनवर मराठीच्या जागी चौकोन दिसले तरी त्याकडे लक्ष देऊ नका, तो त्या खिडकीच्या फॉन्टचा प्रश्न आहे, फाइलमध्ये बरोबर असतं.

नोटपॅड ही फाइल व्यवस्थित उघडतं. एक्सेलला मात्र ती फाइल थेट उघडायला दिली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात, तेव्हा नोटपॅडमधून सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये पेस्ट करा, काही बिघडत नाही.

एक्सेलमध्ये गेल्यावर खरी मजा

नावांत आडवी रेघ होती म्हणाले ना, तर एक्सेलमध्ये डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स घ्या, डिलिमिटेड निवडा, अदरच्या चौकटीत आडवी रेघ टाका. विंग एका कॉलममध्ये, घर नंबर दुसऱ्यात, कागदाचा प्रकार तिसऱ्यात. मग फिल्टर लावला की कुणाचं शेअर सर्टिफिकेट आलंय आणि कुणाचं राहिलंय हे एका नजरेत. काका ते राहिलेल्यांसाठी जिन्यातल्या बोर्डवर नोटिसा लावून थकले होते, या यादीवरून थेट ११ घरं सापडली आणि त्यांना फोन केले.

तारीख आणि साइज पण हवी असेल तर पॉवरशेल जास्त चांगलं. पत्त्याच्या पट्टीत सीएमडीऐवजी पॉवरशेल टाइप करा, पॉवर आणि शेल जोडून, आणि मग ही एकच लांब ओळ:

गेट-चाइल्डआयटम -फाइल | सिलेक्ट-ऑब्जेक्ट नेम, लेंग्थ, लास्टराइटटाइम | एक्स्पोर्ट-सीएसव्ही ..\यादी.सीएसव्ही -नोटाइपइन्फर्मेशन -एन्कोडिंग यूटीएफ८

शब्द साधे इंग्रजीच आहेत, जिथे मी जोडून लिहिलेत तिथे जोडून टाइप करायचे, लास्ट राइट टाइम हे तीन शब्द मिळून एक, नो टाइप इन्फर्मेशन तसंच. थोडं टाइप करून टॅब दाबलं तर बरंचसं स्वतःच पूर्ण होतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलने काढलेली ही सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली तरी मराठी नीट दिसतं. पॉवरशेल ७ वेगळं टाकून घेतलं असेल तर शेवटी यूटीएफ८ च्या पुढे बी-ओ-एम जोडून लिहा.

लेंग्थचा कॉलम बाइटमध्ये असतो. तो चढत्या क्रमाने लावून बघाच, हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. शून्य बाइटच्या फाइली वर येतात, म्हणजे नाव आहे पण आत काहीच नाही, स्कॅन मध्येच तुटला किंवा पेनड्राइव्ह कॉपी चालू असताना ओढला गेला. आमच्याकडे अशा दोन होत्या. नुसत्या नावांच्या यादीत त्या कधीच कळल्या नसत्या, थेट कुणीतरी उघडायला गेल्यावर कळलं असतं.

परत तीच कमांड देताना सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी असेल तर फाइल दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवलीय असं काहीतरी म्हणेल. एक्सेल बंद करा आणि परत द्या. आणि ॲक्सेस इज डिनाइड आलं तर तुम्ही बहुतेक सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा प्रोग्राम फाइल्समध्ये यादी लिहायला गेलाय, दुसरीकडे लिहा.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी

थोडक्यात सांगते कारण इथे कटकट कमी आहे. टर्मिनल उघडा, सीडी टाइप करून स्पेस द्या आणि मॅकवर असाल तर फाइंडरमधून फोल्डर ओढून त्या खिडकीत सोडा, पत्ता आपोआप येतो, एंटर. मग:

एलएस > ../यादी.टीएक्सटी

एल-एस, छोट्या अक्षरात, आणि रेघ इथे दुसऱ्या दिशेची, प्रश्नचिन्हाच्या कीवरची. फाइलमध्ये लिहिताना एलएस आपोआप एका ओळीत एक नाव देतं. आतल्या फोल्डरांसकट फक्त फाइली हव्यात तर फाइंड . -टाइप एफ > ../यादी.टीएक्सटी, फाइंडनंतरचं ते एकटं टिंब विसरू नका. मराठी नावं तिथे सहसा पहिल्याच फटक्यात बरोबर येतात.

रोज लागत असेल तर बटणच करून ठेवा

काकांना दर आठवड्याला यादी लागायला लागली आणि दर वेळी मला फोन, "अगं ती काळी खिडकी कशी उघडायची सांग परत." मग त्यांना हे करून दिलं. नोटपॅडमध्ये तीन ओळी:

@एको ऑफ
सीएचसीपी ६५००१ > एनयूएल
डिर /बी /ए-डी-एच /ओएन "%~१" > "%~१-यादी.टीएक्सटी"

एको म्हणजे ई-सी-एच-ओ, ऑफ म्हणजे ओ-एफ-एफ, एनयूएल म्हणजे एन-यू-एल, एकच एल. टक्का, नागमोडी रेघ, एक, यांच्यात स्पेस नाही, आणि दोन्हीकडचे डबल कोट महत्त्वाचे, ते नसले तर फोल्डरच्या नावात स्पेस असेल तिथे गडबड होते. सेव्ह करताना नाव यादी.बॅट द्या, बी-ए-टी, आणि सेव्ह ॲज टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा, नाहीतर नोटपॅड शेवटी टीएक्सटी चिकटवतं आणि ती साधी टेक्स्ट फाइल होऊन बसते.

आता विंडोजची की आणि आर दाबून शेल:सेंडटू टाइप करा, शेल, कोलन, सेंड आणि टू जोडून. एक फोल्डर उघडेल, त्यात ही बॅट फाइल टाका. झालं. यापुढे कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक, सेंड टू, यादी. विंडोज ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्सवर जावं लागतं. क्षणभर काळी खिडकी चमकून जाते आणि त्या फोल्डरच्या शेजारी, आत नाही, त्याच नावाची यादी तयार होते. सी विंग फोल्डर असेल तर सी विंग-यादी. कुठल्या फोल्डरची कुठली यादी हा गोंधळच राहत नाही.

फोल्डर पूर्ण रिकामा असेल तर यादी पण रिकामी येते. फाइल नॉट फाउंड असा मेसेज स्क्रीनवर जातो, फाइलमध्ये नाही, आणि खिडकी लगेच बंद झाल्याने तो दिसतही नाही. रिकामी यादी आली तर आधी बरोबर फोल्डर निवडलाय ना ते बघा.

पेनड्राइव्ह द्यायच्या आधीची तपासणी

पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाली का हे बघायला काका आधी दोन खिडक्या शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत बघायचे. आता कॉम्प्युटरवरच्या फोल्डरची एक यादी काढायची, पेनड्राइव्हवरच्या फोल्डरची दुसरी, दोन्ही एकाच बटणाने म्हणजे क्रम आणि स्विच सारखे राहतात. दोन्ही यादी फाइली एका फोल्डरमध्ये आणा, एकीचं नाव मूळ.टीएक्सटी आणि दुसरीचं पेन.टीएक्सटी करा, तिथे सीएमडी उघडा आणि:

एफसी मूळ.टीएक्सटी पेन.टीएक्सटी

एफ-सी. जिथे फरक असेल तिथल्या ओळी दोन्हीकडच्या दाखवतं, कुठली फाइल गायब आहे ते नावानिशी. हे फक्त नावं जुळवतं, आतला मजकूर नाही, म्हणून शून्य बाइटवाली तपासणी पेनड्राइव्हवरही एकदा करायची.

परवा शेवटचा पेनड्राइव्ह द्यायचा होता. काकांनी स्वतः दोन्ही याद्या काढल्या, एफसी टाइप केलं, एंटर दाबून चष्मा खाली घेतला. स्क्रीनवर शेवटी ओळ आली, नो डिफरन्सेस एन्काउंटर्ड. त्यांनी ती दोनदा वाचली, यादीचा प्रिंट घेतला, वर पेनाने एकूण ४३१ आणि तारीख लिहून सही केली आणि पेनड्राइव्हसोबत पाकिटात घातला.